ठिपक्याच्या मागून

ठिपका: शाळेच्या फाटकात.
सान्वी: शाळेच्या फाटकात.

रविवार होता. शाळेला कुलूप, पटांगणात दोन म्हशी बसलेल्या. रुपेश पाष्टे दुरुस्त केलेली पंपाची मोटर स्कूटरच्या मागच्या सीटला बांधून गिऱ्हाइकाकडे निघाला होता, तर वाटेत त्याची मुलगी फाटकाशी उभी. हातात फोन, नजर फोनमध्ये, ऊन डोक्यावर.

"काय गो, सुट्टीच्या दिवशी शाळेत? खूळ लागलं काय?"

"काही नाही पप्पा. मी इथे आहे."

"ते मलाही दिसतंय. पण का आहेस?"

सान्वीनं फोन त्याच्यापुढे धरला. नकाशात शाळेच्या फाटकावर निळा ठिपका आणि ठिपक्याखाली तिचं नाव. "मी काकीकडे पापड वाळत घालत होते. आईचा मेसेज आला, शाळेकडे काय करतेस म्हणून. मी म्हटलं, काकीकडे आहे. तर म्हणाली, थापा मारू नको. मग आले इथे. आता बरोबर आहे."

रुपेशला हसू आलं. पोर वाद घालत नाही, शहाणी झाली, असं वाटलं त्याला. "बरं, जा आता घरी. ऊन लागेल."

"जाईन," ती म्हणाली आणि पुन्हा फोनकडे बघू लागली.

वळणावर त्यानं आरशात पाहिलं. ती तिथेच होती. कशाची वाट बघतेय ते त्याला कळलं नाही, आणि मोटर पोचवायची घाई होती.

*

ठिपका: कसा हलतो?

खारतळे हे गाव दोन डोंगरांच्या चिमटीत बसलेलं. वर कातळाचा सडा, खाली खाडी, मधून वाहणारा पऱ्या आणि पऱ्याच्या काठाकाठानं उतरत गेलेली घरं. आभाळ इथे पट्टीएवढंच दिसतं. फोनला आपली जागा ठरवायची तर चार उपग्रह एकदम दिसावे लागतात. खारतळ्यात दोन दिसले तरी नशीब. बाकीच्यांचे संकेत समोरच्या कड्यावर आपटून उशिरा पोचतात, आणि उशीर म्हणजे अंतर असाच फोनचा समज. त्यामुळे चुलीपुढे बसलेलं माणूस नकाशावर पलीकडच्या डोंगरात दिसायचं.

मुलांच्या फोनमध्ये 'सोबत' नावाचं ॲप आलं आणि हा घोळ मिटला. ते एकट्या उपग्रहावर विसंबत नव्हतं. ते पावलं मोजायचं, जवळपास कुणाच्या फोनची चाहूल लागते ते ऐकायचं, मूल या वेळी रोज कुठे असतं ते लक्षात ठेवायचं. एवढं करूनही जागा पक्की झाली नाही तर आणखी एक गोष्ट बघायचं: आईबाप नकाशावर कुठे बघताहेत. बोट कुठे ठेवतात, कुठला भाग मोठा करून पाहतात, डोळे कुठे रेंगाळतात. जाहिरातीत याला 'पालकनजर' म्हणत. पोर कुठे असेल ते आईइतकं कुणाला कळतं, हा त्यामागचा विचार. तो चुकीचाही नव्हता. बहुतेक वेळा आई बघायची तिथेच पोर असायचं.

पण यंत्र शिकत गेलं. या दरीत उपग्रह चुकतो आणि आई चुकत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं उपग्रहाचं ऐकणं थोडं कमी केलं. मग आई बघायची तिकडे ठिपका यायचा. ठिपका तिकडे, म्हणून आई तिकडेच बघत राहायची. म्हणजे आई बरोबर. उपग्रहाचं ऐकणं आणखी कमी. असं होता होता ते पार कधी थांबलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. काही बंद पडलं नव्हतं, त्यामुळे बिघाडाची सूचना कुणाला आली नाही. उलट ठिपका पूर्वीपेक्षा ठामपणे हलत होता.

हे सगळं रुपेशला उशिरा कळायचं होतं. नको त्या वेळी.

*

ठिपका: खाडीच्या काठावर.
सान्वी: नव्हते, म्हणते.

खाडीकाठच्या आईची नजर पहिल्यांदा पाण्याकडेच जाते. प्रणाली, रुपेशची बायको, गावच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती. भरतीच्या वेळी कांदळवनाच्या चिखलात रुतलेलं माणूस बाहेर काढल्यावर कसं दिसतं, ते तिनं पाहिलं होतं.

"आज परत खाडीवर गेली होतीस."

"नाही गेले."

"सानू, मी स्वतः बघितलं."

"मला बघितलंस?"

"ठिपका बघितला."

"तो खोटं बोलतो."

"त्याला काय पडलंय खोटं बोलायला? तुला पडलंय."

दोघींनी रुपेशकडे पाहिलं. तो जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि "जेवा आता, निवतंय सगळं" एवढंच म्हणाला.

त्यानंतर घर शांत झालं. सान्वी भांडेनाशी झाली. कुठे होतीस असं विचारलं की ती आधी फोन बघायची, मग उत्तर द्यायची. उत्तर दर वेळी बरोबर यायचं. वयात येताना मुली बदलतात, असं प्रणाली शेजारणींना कौतुकानं सांगायची.

*

पालखी: मळ्यात.

शिमग्यात खारतळ्याची पालखी खूण काढते. मानकरी गुपचूप कुठल्यातरी शेतात नारळ पुरून येतात. दुसऱ्या दिवशी भोई देवीची पालखी खांद्यावर घेऊन निघतात, आणि पालखी जिथे जमिनीला टेकेल तिथे खणायचं. नारळ निघतो. वर्षानुवर्षं निघतो.

रुपेश मिसरूड फुटल्यापासून भोई. खांदा देणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते आणि कुणी ती बोलत नाही. दांडा ओढतो. तुम्ही ढकलत नसता, शेजारचाही ढकलत नसतो, तरी पालखी झुकते, वळते, धावते आणि सगळे भोई तिच्यामागे फरफटत जातात. कोण नेतं? देवी नेते. रुपेशचा यावर विश्वास होता.

एकदा मात्र भलतंच घडलं होतं. भिकाअण्णा गावकर, गावातले सगळ्यात जुने मानकरी, आदल्या संध्याकाळी मळ्याच्या बांधावर कुदळ घेऊन दिसले. ते गेले होते फणसाचं रोप लावायला. पण बघणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यानं पुढे सांगितलं, आणि सकाळपर्यंत गावाच्या मनात पक्कं झालं की नारळ बांधावरच आहे. पालखी वाऱ्यासारखी बांधावर गेली आणि टेकली. खणलं. नारळ तिथे नव्हताच. तो खालच्या भाताच्या कुणग्यात होता.

भिकाअण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणाले, "देवीनं गावाचं मन राखलान."

आजही ढोल वाजत होते. ऊन कललं होतं, पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, उधाणाचा जोर अजून ओसरला नव्हता आणि संध्याकाळची भरती चढू लागली होती. दांडा उजवीकडे ओढत होता. तेवढ्यात गर्दी कापत प्रणाली आली. तिच्या तोंडाकडे बघून रुपेशनं खांदा काढला. मागच्यानं त्याची जागा घेतली.

प्रणालीनं फोन पुढे केला.

आई: कुठे आहेस?
सानू: पऱ्यात. वरच्या कोंडीपाशी.
आई: खोटं बोलू नको. खाडीवर आहेस. दिसतंय मला.
आई: उधाण आहे. आत्ताच्या आत्ता वर ये.
आई: सानू
सानू: बरं. आता जाते खाडीवर.

"आधी खोटं बोलली, मग कबूल झाली," प्रणाली म्हणाली. "आणि आता फोन उचलत नाही. अहो, चला ना."

रुपेशनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. आता जाते.

शाळेचं बंद फाटक त्याच्या डोळ्यांपुढे आलं. उन्हात उभी पोर. मी इथे आहे. आता बरोबर आहे.

"प्रणाली, ती खाडीवर नव्हतीच."

"काय?"

"तू म्हणालीस म्हणून निघालीय."

*

ठिपका: कांदळवनात. पुढे सरकतो आहे.
सान्वी:

प्रणालीनं 'सोबत'मधली हाक दाबली होती. हाक दाबली की गावातल्या प्रत्येक फोनवर हरवलेल्या मुलाचा ठिपका उमटतो. ढोल थांबले. मळ्यात उभ्या असलेल्या साऱ्या गावानं खिशातून फोन काढले, माना खाली घातल्या, आणि सगळे खाडीकडे बघू लागले. ठिपका कांदळवनातून मधल्या धारेकडे सरकला. कुणीतरी "गेली, पुढं गेली" म्हणालं, तसा तो आणखी पुढे गेला.

पोहणारी दोन पोरं धावली. पण खाडीकाठचं दलदलीचं खाजण केवढं, आणि कांदळाच्या मुळांत हाक जिरून जाते.

शिमग्याला पुण्याहून आलेली वृषाली, रुपेशची चुलतबहीण, नकाशांच्याच धंद्यात होती. तिनं आपला फोन उघडला, आत कुठेतरी खोल गेली आणि तिचा चेहरा उतरला. "दादा, ह्याला उपग्रह दिसतच नाहीये. म्हणजे दिसतोय, पण हे विचारतच नाहीये त्याला. पायांचं ऐकत नाही, कशाचं ऐकत नाही. फक्त नजर." तिनं भराभर त्याला पालकनजर समजावली. "एकटी वहिनी बघायची तेव्हा एक नजर होती. आता अख्खं गाव बघतंय."

"आणि सानूच्या फोनवरही हाच ठिपका दिसतो?"

"हाच. ठिपका एकच असतो."

रुपेशच्या उजव्या खांद्यात कळ आली. तिथे आता दांडा नव्हता, तरी ओढ होती. कुणी ढकलत नव्हतं. सगळे मिळून पोरीला पाण्यात नेत होते.

"सगळ्यांनी फोन बंद केले तर?"

"तर ते सवयीवर जाईल. आणि सवय काय शिकवलीय त्याला? खाडीच ना?"

रुपेश बांधावर चढला. "ऐका. खाडीकडे बघू नका. कुणीच बघू नका. माझ्या घरावर बोट ठेवा. नकाशावर माझं घर शोधा आणि बोट हलवू नका."

"रुप्या, पोर तिकडं बुडतेय आणि तू..." कुणीतरी म्हणालं.

"माझी पोर पाण्यात आहे," प्रणाली त्याच्यापुढे येऊन म्हणाली, अगदी हळू, "आणि तुम्ही मला घराकडे बघायला सांगताय."

"ती ठिपक्यामागून चाललीय. आपण तो नेऊ तिकडे ती जाईल."

"आणि तुमचं चुकलं तर?"

गाव खाली माना घालून उभं होतं. ठिपका धारेच्या कडेला पोचला होता.

भिकाअण्णांनी पालखीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. यंत्रातलं त्यांना काही कळलं नव्हतं. बांधावरची गोष्ट कळली होती.

"बा देवी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव सवयीनं म्हणालं.

"पाष्ट्याची पोर वाट चुकली हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गावानं आपलं बोट तिच्या दारात ठेवलान हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." बोटं हलली. नकाशे सरकले. बाया एकमेकींना दाखवू लागल्या, हे पाष्ट्यांचं घर, ही पडवी, हितं ठेव.

"जो कोन खाडीकडं बघल त्येची नजर फिरव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

प्रणालीचं बोट तेवढं अधांतरी होतं. खाडीकडे न बघणं म्हणजे काय असतं, ते त्या मळ्यात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मग तिनं डोळे मिटले आणि न बघता बोट टेकवलं. घर तिच्या बोटाला पाठ होतं.

ठिपका थांबला. जागच्या जागी डुलला. थोडा मागे आला, थोडा पुढे गेला, पुन्हा मागे. पालखी खूण शोधताना करते तसंच. मग कांदळवनातून बाहेर पडून पाणंदीला लागला.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हललं नाही.

*

ठिपका: पाणंदीत.
सान्वी: पाणंदीत. ठिपक्याच्या जराशी मागे.

ती आली तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. एका पायात चप्पल नव्हती, आणि फोन छातीशी दोन्ही हातांनी धरलेला. मळ्याच्या कडेनंच वाट जाते. दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, प्रत्येकाचं बोट काचेवर टेकलेलं, आणि मधून ती एका लयीत चालत होती, फोनमध्ये बघत.

प्रणाली धावली, दोन्ही हात पसरून. सान्वीनं मान वर केली, आईला ओळखलं, आणि बाजूनं निघून गेली.

"सानू."

"आधी घरी," ती म्हणाली. "ठिपका पुढे गेलाय."

आईबाप तिच्या मागून चालले. ती पडवीत शिरली, एक पायरी चढली, फोनकडे बघून पुन्हा एक पायरी उतरली, आणि मग उभी राहिली. "इथे," ती म्हणाली. तेव्हा कुठे प्रणालीनं तिला मिठी मारली. मुलगी गार पडली होती.

*

ठिपका: घरी.
सान्वी: घरी.

दिवेलागण झाली. प्रणालीनं कुळथाची पिठी आणि भात वाढला. अंघोळ करून सान्वी पानावर बसली. फोन पानाशेजारी होता, तिघांचेही.

गावाच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती. पोर आली ना? आता बोट काढू ना? भात करपतोय. वृषालीनं लिहिलं, जरा थांबा. पण बोट किती वेळ ठेवणार? भाकऱ्या थापायच्या होत्या, म्हशी पिळायच्या होत्या. एकेक बोट उचललं गेलं. आणि बोट उचलल्यावर प्रत्येकाला एकदा बघावंसं वाटलंच, की पोर नेमकी कुठपर्यंत गेली होती. प्रणालीलाही वाटलं. तिनं वाढता वाढता डाव्या हातानं नकाशा सरकवला. एकदाच. खाडीपर्यंत.

सान्वीचा घास हातात थांबला. तिनं तो पानात ठेवला, हात पुसला आणि उठली.

"कुठे चाललीस?" प्रणाली म्हणाली.

सान्वीनं फोन दाखवला. ठिपका पडवी उतरला होता.

रुपेशचा हात आपोआप फोनकडे गेला. घरावर बोट ठेवलं की झालं. ती बसेल. बोट असेल तोवर बसेल. बोट नकाशाच्या अगदी जवळ आलं आणि त्यानं ते मागे घेतलं.

"सानू, पऱ्यात काय होतं गो?"

तिनं फोनकडे पाहिलं. तिथे याचं उत्तर नव्हतं. "पऱ्यात?"

"दुपारी. वरच्या कोंडीपाशी होतीस ना तू?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू सांगितलंस."

ती उभीच राहिली. एकदा दाराकडे बघितलं, एकदा फोनकडे, मग बापाकडे.

"खंड्यानं बीळ कोरलंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की प्रणालीला पुढे वाकावं लागलं. "काठाच्या मातीत. आत पिल्लं आहेत. दिसत नाहीत."

"मग आहेत कशावरून?"

"ओरडतात ना. मी काठीनं माती पाडली थोडी, तर गप्प झाली. मग मी पण गप्प बसले. तर पुन्हा ओरडायला लागली." ती खाली बसली. "एकाचा आवाज फाटका आहे."

"खंड्या आलेला?"

"मासा घेऊन. मला बघून फांदीवर थांबला. आत जाईना. मग मी तोंड फिरवलं तेव्हा गेला."

तिनं पिठी भातावर ओढून घेतली.

ठिपका: घराच्या फाटकाबाहेर. पाणंदीत. कांदळवनात.
सान्वी: भात कालवते आहे.

हाक अजून कुणी बंद केली नव्हती. सगळ्या गावाचे फोन एकदम वाजले. कुत्री भुंकली. पाणंदीत पावलं धावली, बॅटऱ्यांचे झोत भिंतीवरून फिरले आणि दारात माणसं गोळा झाली: भिकाअण्णा, वृषाली, शेजारचे तिघेचौघे. सगळ्यांनी आधी पानावर बसलेल्या सान्वीकडे पाहिलं. मग हातातल्या फोनकडे. मग पुन्हा सान्वीकडे.

"ही तर जेवतेय," एकजण म्हणाला.

"पण ही बघ, पाण्यात आहे," दुसऱ्यानं फोन दाखवला.

सान्वी घास चावत त्यांच्याकडे बघत होती. प्रणालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता, घट्ट. नजर फोनवर होती.

"बसा," रुपेश म्हणाला. "जेवून जा."

कुणी बसलं नाही. धारेच्या मध्यावर ठिपका थोडा डुलला आणि स्थिर झाला.

मग दारातले दोघे खाडीकडे निघाले. एकदा बघून आलेलं बरं, म्हणाले.